एका पारड्याचा काटा

त्याला एकच वाक्य येतं आणि तेही अर्धं. एक आकडा, पुढे किलो, बस्स. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर त्यानं ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मराठी घरावर दोन वर्षं हुकूमत गाजवली.

दिसायला अगदी गरीब. स्प्रिंगचा, चपटा, रंग कधीकाळी आकाशी. पाठीवर काळं रबर, त्यावर उभ्या रेघा. टाचांच्या जागी त्या झिजून गुळगुळीत झालेल्या. समोर भिंगाची खिडकी, आत फिरणारी तबकडी, कडेला शून्य जुळवायचं दातेरी चाक. घरात आला तेव्हा त्याचं काम पुण्याचं होतं. आजोबांचं हृदय थकलेलं. अंगात पाणी साठू लागलं की कित्येकदा सूज दिसायच्या आधी वजन वाढतं, म्हणून डॉक्टरांनी रोज सकाळी वजन लिहून ठेवायला सांगितलं होतं. आजोबा मोठ्यानं आकडा वाचायचे, आजी वहीत मांडायची. आजोबा गेले, वही कपाटात गेली, हा मात्र न्हाणीघराच्या दाराशी तसाच राहिला.

ग्वाल्हेरात राहायचं आणि घराण्याचं नाव काढायचं नाही, हे काही बरं दिसत नाही. याचं घराणं मोठं आहे, तराजूचं. त्या घराण्यात पारडी दोन. रायगडावर 1674 साली राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली. साध्या घरांत नवस फेडताना पोराला एका पारड्यात बसवायचं आणि दुसऱ्यात गूळ रचायचा. पोर जड निघालं तर आई सुखावायची आणि वाटायला गूळ जास्त व्हायचा. न्हाणीघरातल्या या वंशजाला दुसरं पारडंच नाही. समोर काय ठेवायचं ते जो वर चढतो त्यानं मनात ठरवायचं. आजोबांनी तिथे आपलं हृदय ठेवलं होतं. नातीनं आपली लायकी ठेवली.

नात तेव्हा अकरावीत. एका लग्नात कुणीतरी कौतुकानं तिला 'गुटगुटीत' म्हणालं. पुढच्या रविवारी घरात नया बाजारातल्या बहादुराचे बुंदीचे लाडू आले, तिनं नको म्हटलं. मग गोड सुटलं, मग तूप, मग भात. शेजारच्या काकू म्हणाल्या, "कित्ती छान बारीक झालीस गं! मला पण सांग ना काय केलंस ते." काट्याला अशी प्रमाणपत्रं फुकट मिळत गेली. सोमवारचा उपवास होताच, चतुर्थी आली, मग शनिवार. नात देवाधर्माचं करते म्हणून आजी खूश. उपवासाची खिचडी भावाच्या ताटात जाते, हे लक्षात यायला बरेच दिवस गेले. दिवाळीत करंज्या तिनं एकटीनं केल्या, मुरड अशी की बघत राहावं. सगळ्यांना आग्रह करकरून वाढल्या, स्वतः एकीचा तुकडाही मोडला नाही.

काट्याशी तिची सलगी वाढली ती याच काळात. सकाळी उठल्यावर, शाळेतून आल्यावर, झोपायच्या आधी. दाराजवळची एक फरशी थोडी खचलेली आहे. काटा तिच्यावर सरकवला की आकडा जरा कमी दाखवतो. तिला हे पक्कं ठाऊक होतं. त्या फरशीवर ती वजन करायची, मग सपाट जागी करायची, आणि दोन्हींपैकी जो आकडा वाईट तोच खरा धरायची. मनुष्याचं वजन पाणी, मीठ, पाळी, पोटातलं अन्न यांनी दिवसभरात सहज वरखाली होतं. पण हे सांगायला काट्याकडे शब्द नाहीत. तो आकडा सांगतो आणि गप्प बसतो. उरलेलं वाक्य तिचं आजारी मन पुरं करायचं.

हा आजार आहे, नखरा नव्हे, हे वैद्यकाला दीडशे वर्षं ठाऊक आहे. 1873 मध्ये लंडनला विल्यम गल आणि पॅरिसला लासेग, दोघांनी स्वतंत्रपणे अशा उपाशी राहणाऱ्या मुलींची वर्णनं मांडली; अनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव गलचं. 1979 मध्ये जेराल्ड रसेलनं बुलिमियाचं वर्णन केलं: भरमसाट खाणं, मग ते कसंही करून शरीराबाहेर काढण्याची धडपड, मग शरम. नुसतंच बेभान खाणं आणि नंतर स्वतःची किळस, हा तिसरा प्रकार. त्याला अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या सूचीत स्वतंत्र जागा मिळाली ती 2013 मध्ये. या शेवटच्या दोन प्रकारांत काटा साफ फसतो. बुलिमियाच्या कितीतरी रुग्णांचं वजन चारचौघांसारखं असतं. आत पोटॅशियम घसरून हृदयाची लय बिघडू लागलेली, आम्लानं दातांचं कवच झिजलेलं, आणि हा बाहेर सांगतो, सगळं ठीक.

कारण विचाराल तर बोट दाखवायला एकच माणूस सापडत नाही. रक्तातून आलेला कल, सगळं बिनचूक हवं असा स्वभाव, मनाला लागलेली काळजी, वयात येताना बदलणारं अंग, एखादा टोमणा, एखादं डाएट. यातलं बरंचसं एकत्र आलं की आजार मूळ धरतो. आईनं लाडावलं म्हणून झालं, हे खरं नाही. आणि एकदा उपासमार सुरू झाली की ती स्वतःच कारण बनते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये अँसेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीनं, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ती माणसं स्वयंपाकाची पुस्तकं वाचू लागली, ताटं चाटू लागली, चिडचिडी आणि एकलकोंडी झाली. त्यांना कुणी गुटगुटीत म्हटलं नव्हतं. नुसत्या भुकेनं मन अन्नाभोवती फिरू लागलं होतं. करंज्यांचं कोडं इथे सुटतं. गंमत अशी की उंची-वजनाच्या जुन्या सूत्राला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव 1972 मध्ये याच कीज यांनी दिलं. काट्याच्या आकड्याला शास्त्राचा कोट चढवणारा आणि भुकेचं खरं रूप दाखवणारा माणूस एकच.

घरच्यांना जाग आली ती तिची पाळी थांबल्यावर. मे महिन्यात, ग्वाल्हेरच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात, पोरगी स्वेटर घालून बसायची. केस गळत होते, दंडांवर बारीक लव आली होती, उठताना डोळ्यांपुढे अंधारी. पहिल्या डॉक्टरांकडे ती म्हणाली, "पोट भरल्यासारखं वाटतं." लठ्ठपणाचं अवाक्षर नाही. आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांची तक्रार अशी पोटाचीच असते, म्हणून आजार पित्ताच्या गोळ्यांमागे लपून राहतो. दुसऱ्या डॉक्टरांनी काट्याकडे न बघता आधी नाडी धरली. ती फार संथ होती. मग रक्त तपासलं, ईसीजी काढला आणि मानसोपचारतज्ज्ञांचं नाव सांगितलं.

इथे आजी अडली. "लोक म्हणतील, पोरीला आरोग्यशाळेत नेली." ग्वाल्हेरात या शब्दाला वजन आहे. इथल्या मानसिक आरोग्यशाळेवर देखरेख ठेवण्याचं काम सर्वोच्च न्यायालयानं 1997 मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवलं होतं. रांची आणि आग्र्याच्या रुग्णालयांबरोबर. जुन्या पिढीच्या मनातली भिंत त्या काळातली आहे. आता 2017 च्या कायद्यानं मानसिक उपचार हा हक्क ठरवला आहे, आणि 14416 वर टेलिमानसला फोन करून घरबसल्या बोलता येतं. आईनं फोन केला. आजीला ते नंतर सांगितलं.

उपचार म्हणजे जबरदस्तीनं कोंबणं नव्हे. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं तर रक्तातलं फॉस्फेट कोसळून जिवावर बेततं, म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या नजरेखाली, बेताबेतानं. मग जेवणाची सूत्रं आईवडिलांच्या हाती. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात घडलेल्या या पद्धतीत दोष कुणालाच दिला जात नाही. आजार वेगळा आणि मुलगी वेगळी, असं धरून घर एका बाजूला उभं राहतं. एका पोळीवर दीड तास गेला, वाटी भिंतीवर आपटली, आई उठली नाही. जेवण सावरलं की सूत्रं हळूहळू परत मुलीच्या हाती द्यायची. बुलिमिया आणि बेभान खाण्यावर विचार-वर्तनाची उपचारपद्धती चांगली लागू पडते, बुलिमियात फ्लुऑक्सेटिनची मदत होते. अनोरेक्सियावर मात्र अन्न हेच पहिलं औषध. खात्रीची दुसरी गोळी अजून नाही. दुर्लक्ष केलं तर हा मानसिक आजारांतल्या सर्वांत जीवघेण्या आजारांपैकी एक आहे.

मला वाटलं होतं, काट्याला भंगारात काढतील. तसं झालं नाही. उपचारात वजन लागतंच. फक्त त्याची बदली झाली, न्हाणीघरातून कपाटाच्या वर आणि न्यायाधीशाच्या खुर्चीवरून कारकुनाच्या स्टुलावर. आठवड्यातून एकदाच, तेही थेरपीच्या दिवशी, तो खाली येतो. आकडा आलेखावर एक ठिपका होऊन बसतो आणि त्याच्या शेजारी नाडी, रक्तदाब, पाळी, झोप, मैत्रिणींकडे गेली का, अशा बऱ्याच नोंदी असतात. दुसरं पारडं असं भरत गेलं. मधल्या काळात दोनदा घसरण झाली. घरानं त्याचा गहजब केला नाही.

या शहरात त्याचे भाऊबंद पुष्कळ आहेत. 1957 पासून इथे लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था आहे, खेळाडूंचा राबता आहे, आणि वजनगटाच्या खेळात काट्याचा शब्द अखेरचा असतो. 2024 मध्ये पॅरिसला कुस्तीगीर विनेश फोगाटचं ऑलिंपिक अंतिम लढतीच्या सकाळी शंभर ग्रॅमवर अडलं, ते सगळ्या देशानं पाहिलं. तो खेळाचा नियम होता, आजार नव्हे. पण पुरेसं न खाता घाम गाळणाऱ्या खेळाडूंची हाडं आणि संप्रेरकं कशी ढासळतात, याचा इशारा आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं 2014 मध्येच दिला आहे. त्यात मुलगेही आले.

म्हणूनच परवा धाकट्या भावानं जिम लावल्यावर कपाटावरचा काटा मागितला, तेव्हा आईनं तो लगेच काढून दिला नाही. त्याला जेवायला बसवलं आणि विचारलं, "वजन कशासाठी बघायचंय, ते आधी सांग."