क्रूझ निवडताय? आधी आपली माणसं मोजा!

पहाटेचे साडेपाच. पंधराव्या मजल्यावरचा उघडा डेक. जहाज अंदमान समुद्रातून फुकेतच्या दिशेनं संथ चाललेलं आणि रेलिंगला टेकून बार्शीचे एक काका एकटेच उभे. गळ्यात कंपनीचा बिल्ला. माझ्या गळ्यातही तोच दिसल्यावर त्यांचा चेहरा एकदम खुलला. ‘‘ताई, तुम्ही आपल्यातल्याच ना? रातच्यापासनं आपला एक माणूस दिसंना बघा!’’

आम्ही तब्बल १५० जण होतो. सगळे एका पेंट कंपनीचे डीलर्स. वर्षभराचं टार्गेट पार केलं म्हणून सिंगापूर-पेनांग-फुकेत अशी चार रात्रींची क्रूझ बक्षीस मिळालेली. मी कंपनीच्या गृहपत्रिकेसाठी लिहायला सोबत. काकांचा पहिला पासपोर्ट, पहिलं विमान आणि पहिलंच जहाज. केबिन आतल्या बाजूची, बिनखिडकीची. ‘‘दिवस हाय का रात, कायबी कळंना. म्हणून वर आलो,’’ म्हणाले.

हे जहाज निवडलं कसं? मार्केटिंगच्या पोरांनी वॉटर स्लाइडचा व्हिडिओ पाहिला, बॉसला दाखवला, बॉस म्हणाला ‘सॉलिड!’ आणि झालं फायनल. तुमच्या ऑफिसातही उद्या हे काम तुमच्याच गळ्यात पडू शकतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

इन्सेंटिव्ह ट्रिपसाठी क्रूझची आयडिया चुकीची नाही. उलट हिशेबाला भलतीच सोपी. राहणं, जेवण, रात्रीचे शो, सगळं एकाच पॅकेजात. रोज बॅगा भरायच्या नाहीत, बसमध्ये डोकी मोजायची नाहीत. झोपून उठलात की नवं शहर हजर!

खरी गंमत जहाजाच्या आकारात आहे. मुंबईहून धावणारी कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ १९९० साली सेवेत आली. तिचे मजले ११ आणि ग्रॉस टनेज सुमारे ४८,५००. हे टनेज म्हणजे वजन नव्हे बरं का, जहाजाच्या आतल्या एकूण जागेचं ते माप. दुसरीकडे २०२४ मध्ये मायामीहून निघालेलं रॉयल कॅरिबियनचं ‘आयकॉन ऑफ द सीज’. मजले २०, वॉटर स्लाइड्स सहा, टनेज २,४८,६६३ आणि एका केबिनमध्ये दोघं धरले तर प्रवासी ५,६१०!

आता एक छोटं गणित. टनेजला प्रवासीसंख्येनं भागायचं. या धंद्यातले लोक याला स्पेस रेशो म्हणतात. ‘आयकॉन’चा येतो ४४ च्या आसपास, ‘एम्प्रेस’चा साधारण ३०. म्हणजे मोठ्या जहाजावर दर माणशी जागा जास्तच मिळू शकते. ‘मोठी बोट म्हणजे जत्रा’ हा समज दर वेळी खरा नसतो.

पण ग्रुपचा प्रश्न जागेचा नसतोच. दीड हजारांच्या जहाजावर १५० माणसं म्हणजे दर दहातला एक जण आपला. जिन्यात, लिफ्टमध्ये, चहाच्या मशीनपाशी ओळखीचा चेहरा भेटतोच. पाच हजारांत तेच १५० जण डाळीतल्या मिठासारखे विरघळतात. आमच्या केबिन्स सहा मजल्यांवर विखुरलेल्या. सेफ्टी ड्रिललाही सगळे एकत्र नव्हते, कारण ती जागा केबिननुसार ठरते. बुफेत ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा तो जेवणार. मग आपला माणूस दिसणार कुठं?

आणि मग तो दिवस आला ज्यासाठी एवढा घाट घातला होता. अवॉर्ड सेरेमनी! जहाजाचं थिएटर संध्याकाळी त्यांच्या स्वतःच्या शोजना लागतं. आम्ही उशिरा जागे झालो, तेव्हा उरलेला स्लॉट होता फुकेतच्या दिवशी सकाळी नऊचा. त्यात आमचं जहाज धक्क्याला लागणारच नव्हतं. पातोंगसमोर नांगर टाकून छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर जायचं होतं, आणि त्याची रांग आठपासूनच. कार्यक्रमाची वेळ रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली गेली. पण समुद्रात नेट विकत घ्यावं लागतं, आणि ‘रोमिंगचं बिल येईल, फोन फ्लाइट मोडवर ठेवा’ असं आदल्याच दिवशी आम्हीच सगळ्यांना बजावलं होतं.

नऊ वाजता थिएटरमध्ये जेमतेम निम्मे लोक. तालुक्यात सर्वाधिक विक्री करणाऱ्यांची नावं पुकारली गेली, त्यात बार्शीचंही होतं. काका टेंडरच्या रांगेत होते. ट्रॉफी त्यांच्या एरिया मॅनेजरनं घेतली. टाळ्या पडल्या.

खरं सांगते, साडेपाचला त्यांच्याशी गप्पा मारताना नऊची वेळ मला माहीत होती. त्यांना माहीतच असणार असं धरून मी बोलले नाही. आजही ते टोचतं.

तर मंडळी, सही करण्याआधी स्लाइड बघू नका, हे विचारा...

* हॉल कुठला आणि कुठल्या दिवशी, किती वाजता? दिवसभर समुद्रात असणारा ‘सी डे’ सगळ्यात उत्तम. वेळ बुकिंग करतानाच लेखी घ्या.
* केबिन्स एकाच मजल्यावर, निदान शेजारशेजारच्या दोन मजल्यांवर मिळतील का? यासाठी लवकर ब्लॉक करणं मस्ट. बाल्कनी कोणाला आणि आतली केबिन कोणाला, हे घरी असतानाच सांगून टाका. जहाजावर कळलं की रुसवेफुगवे ठरलेले.
* रात्रीचं जेवण मेन डायनिंग रूममध्ये, ठरल्या वेळी, जवळजवळच्या टेबलांवर मिळेल का? दिवसातून एकदा सगळ्यांची तोंडं दिसतात. जैन जेवण हवं असलेल्यांची यादी आधीच द्या.
* कुठल्या बंदरात धक्का आहे आणि कुठे टेंडर? टेंडरच्या दिवशी कार्यक्रम नको म्हणजे नकोच.
* सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतायचं म्हणजे देशात दोनदा प्रवेश. व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच हवा.
* आणि सूचना कागदावर. रोज रात्री प्रत्येक केबिनच्या दाराखालून एक चिठ्ठी. जुना फंडा, पण फेल जात नाही.

परतीच्या दिवशी सिंगापूरच्या टर्मिनलवर सामानाच्या रांगेत मॅनेजरनं काकांच्या हातात एक पिशवी दिली. त्यांनी आत डोकावून पाहिलं, ट्रॉफीवरचं नाव बोटानं पुसलं आणि पिशवीचं तोंड बांधून टाकलं. तक्रार नाही, काही नाही. थोड्या वेळानं माझ्याजवळ आले आणि हळूच विचारलं, ‘‘ताई, नाव माईकवरनं घेतलं का हो?’’

‘‘घेतलं की काका,’’ मी म्हटलं. ‘‘दोनदा घेतलं.’’

पुकारा दोनदा झाला होता, हे खरं होतं. पहिल्यांदा कोणी उठलं नाही म्हणून.