अम्मीचं वजन

डॉक्टरांनी वजन विचारलं, तेव्हा अम्मी बेधडक म्हणाली, "साठ." मी खाली मान घातली. आपाच्या निकाहात असेल कदाचित साठ. त्याला बारा वर्षं झाली.

उल्हासनगरात घरी बसून जीन्सचे धागे कापण्यात अम्मीची उमर गेली. मांडी घालून, मान वाकवून, सकाळपासून रात्रीपर्यंत. मग कमरेतून कळ निघून पोटरीपर्यंत जायला लागली. सजदा सुटला, खुर्चीवर बसून नमाज सुरू झाली. गोळ्या, शेक, व्यायाम सगळं झालं. शेवटी अंबरनाथ ओलांडून बदलापूरला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी कमरेत, नसेजवळ इंजेक्शन द्यायचं ठरवलं.

अम्मीला एकच धास्ती होती. "सुई जास्त आत गेली आणि पाय गेले तर?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "चाची, मुख्य मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. आम्ही त्याच्या खाली टोचतो. पण किती आत जायचं, हे मात्र प्रत्येकाचं वेगळं." बहुतेक मोठ्या माणसांत कातडीपासून ती जागा चार ते सहा सेंटिमीटरवर असते. अंगाने भारी असलेल्यांत त्याहून खोल. आणि ती पोकळी जेमतेम पाच-सहा मिलिमीटरची. थोडं पुढे गेलं, तर आतलं पडदा फाटून पाणी गळतं आणि दिवसेंदिवस डोकं ठणकतं. १८९८ मध्ये जर्मनीतल्या ऑगस्ट बियर या सर्जनने हा प्रयोग स्वतःवर करून घेतला, तेव्हा त्यालाही ही डोकेदुखी भोगावी लागली होती.

"म्हणून वजन खरं हवं," डॉक्टर म्हणाले. काटा एकोणऐंशीवर थांबला. अम्मीने पदर सावरला, माझ्याकडे बघितलं नाही.

नंतर सोनोग्राफीने अंतर मोजलं. यंत्र जोरात दाबलं तर मांस दबतं आणि अंतर कमी दिसतं, म्हणून हात हलका ठेवला. सुईवर दर सेंटिमीटरला खूण होती. ठरलेला आकडा म्हणजे हुकूम नाही, फक्त इशारा. तो जवळ आला की हात मंद करायचा. सिरिंजचा दट्ट्या दाबताना अडत होता. मग एकदम सैल झाला. तिथेच सुई थांबली.

कळ गेली नाही, पण निम्म्यावर आली. सजदा अजून खुर्चीवरच. परतताना लोकलमध्ये बायकांच्या डब्यापर्यंत सोडायला गेलो, तेव्हा अम्मी हळूच म्हणाली, "साठ म्हटलं ते डॉक्टरला नव्हतं रे. तुला होतं. तुला वाटू नये, की मी घरात बसून नुसती फुगले."

एवढी वर्षं त्याच घरात राहून हे माझ्या अंदाजात आलं नव्हतं.