हजेरी

गेल्या उन्हाळ्यात अडीच महिन्यांत मी ३१ कार्यक्रम ऐकले. आकडा पक्का आहे, वहीत नोंद आहे. त्यातले शेवटपर्यंत किती ऐकले असं विचारलंत, तर ११. बाकीच्या २० वेळा मला लोकल गाठायची होती.

मी डोंबिवलीची. पत्रकारितेचं दुसरं वर्ष संपलं आणि संगीतावर लिहिणाऱ्या एका वेबसाइटवर इंटर्नशिप मिळाली. पगार नव्हता. रेल्वेच्या पासचे पैसे आणि गिगला फुकट प्रवेश, एवढंच. बाबा म्हणाले, "म्हणजे गाणी ऐकलीस तरी पैसे नाहीत, घरी झोपलीस तरी नाहीत." तेव्हा मला हा विनोद अजिबात आवडला नव्हता.

काम मात्र भरपूर होतं. दुपारी चारला साउंडचेकला जायचं, कोण काय वाजवतंय ते लिहून घ्यायचं, नावं दोनदा विचारून बरोबर लिहायची. रात्री गिग, आणि सकाळी दहाच्या आत तीनशे शब्द. एका आठवड्यात मेटल बँड, गझलांची मैफल आणि दोन रॅपर. १४ एप्रिलला एका वस्तीत भीमगीतांचा कार्यक्रम होता. तिथे वामनदादा कर्डकांचं नाव घेतल्यावर माझ्या शेजारच्या आजी खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. त्या दिवशी मला वाटलं, हेच काम करायचं आयुष्यभर.

अडचण एकच. कार्डावर नऊ लिहिलेला बँड दहाला स्टेजवर येतो आणि सगळ्यात चांगली गाणी शेवटाला ठेवतो. मी सव्वाअकराला बॅग उचलायचे.

एप्रिलच्या शेवटी लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या क्लबात गिग होती. या भागाशी आमचं जुनं नातं आहे. माझे आजोबा जुन्नर तालुक्यातून आले आणि गिरणीत लागले. पाळी संपली की लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशा बघायला जायचे, असं आजी अजूनही थोड्या रागाने सांगते. १९८२चा संप झाला, गिरणी सुटली आणि घर डोंबिवलीला आलं. आता त्याच परिसरात बिअरचा एक ग्लास आजोबांच्या तेव्हाच्या महिन्याच्या किराण्याहून महाग मिळतो. मी आपलं पाणी प्यायले आणि सव्वाअकराला करी रोड स्टेशनकडे पळत सुटले.

गाडीत बसून इन्स्टा उघडलं. कुणीतरी स्टोरी टाकली होती. बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं, सगळे मोबाइलचे दिवे लावून गातायत. मी सकाळी लिहिलं, "शेवटचं गाणं बँडने नाही, गर्दीनेच गायलं." वाक्य मला फार आवडलं. संपादकालाही आवडलं. तिने ते वरती मोठ्या अक्षरांत टाकलं.

दुपारी त्यांच्या ड्रमरचा मेसेज आला. "लेख छान आहे. पण ते गाणं आम्ही काल वाजवलंच नाही. गायकाचा आवाज बसला होता. त्याने माइकवर माफी मागितली आणि आम्ही थांबलो."

स्टोरी जुन्या गिगची होती. कुणीतरी आठवण म्हणून पुन्हा टाकलेली.

आधी मनात आलं, गप्प बसावं. कोण वाचतंय? मग आलं, ड्रमर वाचतोय, आणि तो गायकही वाचत असणार. ज्या रात्री त्याचा आवाज गेला, त्या रात्री मी त्याच्या नावावर एक विजय लिहून टाकला होता. निंदा केली असती तर निदान भांडता आलं असतं. खोट्या कौतुकाचं काय करायचं?

मी संपादकाला सांगितलं. ती ओरडली नाही. लेखाखाली दुरुस्ती टाकली, त्यात चूक काय होती ते स्पष्ट लिहिलं आणि मला म्हणाली, "लवकर निघणं हा गुन्हा नाही. किती वाजता निघालीस ते लिहीत जा." त्यानंतर दोन दिवस तिने मला गिगला पाठवलं नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "तुझ्या गावाकडे तमाशा होतो ना? जाशील?"

माझी आत्या जुन्नर तालुक्यातच दिलेली. तिथून जवळ नारायणगाव. पाडव्याच्या सुमारास तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, तारीख आणि रक्कम ठरवतात, सुपारी देतात. आत्याचे यजमान, आमचे काका, त्यांच्या गावच्या कमिटीत होते. मी खूश होते. रात्रभर चालणारा खेळ आणि शेवटची लोकल नाही! एकदाचं सगळं ऐकायला मिळणार.

पालखी झाली आणि फड उभा राहिला. गण झाला, गवळण झाली, मावशीने कृष्णाची यथेच्छ थट्टा केली. मग सिनेमातल्या गाण्यांवर नाच, शिट्ट्या, फेटे. वग सुरू झाला तेव्हा काका सारखं घड्याळ बघत होते. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करायचे असा नियम आहे. ठरावीक दिवसांपुरती बारापर्यंत सवलत मिळते, तेवढी या गावाला मिळाली होती. बाराला पोलीस आले. प्रधानाचं कारस्थान उघडं पडायचं होतं, राजा तुरुंगात होता, आणि पडदा पडला. पुढे बसलेली पोरं ओरडली. मग सगळे चपला शोधायला लागले.

मला हसूच आलं. इथे गाडी सुटणार नव्हती, तर शेवटच सुटला.

सकाळी हजेरी होती. रात्रीच्या खेळानंतर फड सकाळी पुन्हा गावासमोर गाणी-लावण्या करतो, तिला हजेरी म्हणतात. उन्हं चढली तरी बाया-माणसं देवळासमोर बसून होती. हजेरी संपल्यावर ट्रकच्या पायरीवर ढोलकीवाले मामा चहा पीत बसले होते. मी विचारलं, "मामा, त्या राजाचं पुढे काय झालं?"

"पूर्वी वग लागला की तांबडं फुटेपर्यंत चालायचा," ते म्हणाले. "आता पोरांना पुढचं पाठ तरी आहे का, देव जाणे." मग त्यांनी चहा खाली ठेवला आणि मला पुढचं सगळं सांगितलं. प्रधान कसा सापडतो, सोंगाड्या राजाला कसा सोडवतो. मध्येच दोन बोटांनी मांडीवर ठेका धरायचे. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. जाताना म्हणाले, "ताई, पेपरात असं लिहू नका हां, की आम्ही अर्धवट खेळ करतो."

मी लिहिलं, "वग बारा वाजता थांबवावा लागला. शेवट मी पाहिलेला नाही. तो सकाळी ढोलकीवाल्या मामांनी सांगितला." हे वाक्य कुणी मोठ्या अक्षरांत टाकलं नाही.

जूनमध्ये, पहिला पाऊस पडल्यानंतर, त्याच बँडची पुन्हा गिग होती. या वेळी मी परळला राहणाऱ्या मैत्रिणीकडे झोपायची सोय केली आणि बाबांना तसं कळवलं. ते म्हणाले, "पगार वाढला वाटतं!" साडेबाराला बँडने ते गाणं घेतलं. मोबाइलचे दिवे लागले. ड्रमरने मला ओळखलं असावं, कारण त्याने काठी जरा उंचावली.

गाणं खरं सांगायचं तर साधारणच झालं. गायक वरच्या पट्टीत दोनदा घसरला. मी तसंच लिहिलं, आणि खाली वेळही लिहिली.