तिसऱ्या दिवसाचा फोन

पिल्लू घरी आलं की साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला फोन येतो. आधी पिल्लू किती लाघवी आहे याचं वर्णन होतं, मग त्याचं नाव कळतं आणि मग आवाज जरा खाली येतो. ‘डॉक्टर, शी पातळ करतोय.’

पातळ म्हणजे कसं, हे काढून घेणं माझं पहिलं काम. पाण्यासारखं की पिठल्यासारखं? दिवसातून किती वेळा? आव पडते का, रक्त दिसतं का? उलटी झाली का? आणि खातोय का, खेळतोय का? या शेवटच्या दोन प्रश्नांवर माझा सगळ्यात जास्त भर असतो. दहा वेळा जुलाब होऊनही चपला पळवणारं पिल्लू आणि एकदाच जुलाब होऊन कोपऱ्यात पडून राहिलेलं पिल्लू एकाच वेळी आली, तर मी दुसऱ्याला आधी टेबलावर घेतो.

‘खायला काय काय दिलंत?’ असं विचारलं की घरातली माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. आई म्हणते, फक्त दूध-चपाती. धाकटा खाली बघून बिस्किटांची कबुली देतो. आजोबांनी ताटातला रश्शाचा तुकडा दिलेला असतो, आणि दुकानातून आणलेलं कोरडं खाद्य असतं ते वेगळंच. आईपासून तुटून आलेला तो जीव. जागा नवी, माणसं नवी, त्यात खाणंही एका रात्रीत नवं. आतड्यातले जिवाणू नव्या खाण्याला हळूहळूच सरावतात. म्हणून खाद्य बदलायचं तर जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत आठवडाभर तरी घ्यावा.

दुधावरून मात्र दर वेळी वाद होतो. गाईच्या दुधात दुग्धशर्करा साधारण पाच टक्के, कुत्रीच्या दुधात त्याहून बरीच कमी. त्यात अंगावरचं दूध सुटत जातं तशी ती पचवायची पिल्लाची ताकदही घटते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि पोट वाहतं. एवढं समजावून मी ‘दूध बंद’ म्हणतो तेव्हा आजीच्या नजरेत मी कसाई झालेला असतो. ‘आमचा गावाकडचा मोत्या जन्मभर दूध-भाकरीवर जगला,’ त्या ऐकवतात. जगला असेल. काही कुत्र्यांना दूध पचतं. समोरच्याला पचत नाहीये, हे तर खालच्या फरशीवरच दिसत असतं.

जंतांचंही तसंच. गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लात येतात, आकडी जंत दुधातून. त्यामुळे पिल्लू दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर पंधरवड्याला जंताचं औषध द्यावं लागतं. ‘मागे एकदा दिलंय’ याला अर्थ नाही. शिवाय जिआर्डिया आणि कॉक्सिडिया हे नेहमीच्या जंतनाशकाच्या एका डोसाला बधत नाहीत. ते हुडकायला शी सूक्ष्मदर्शकाखालीच घ्यावी लागते.

खरी धास्ती पार्व्होची. हा विषाणू जगाला माहीत झाला १९७८ मध्ये आणि एक-दोन वर्षांत जगभर पोचला. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला बहुधा तीन ते सात दिवस लागतात. म्हणजे जुन्या जागेहून लागण घेऊन आलेलं पिल्लूही नव्या घरात नेमकं याच सुमाराला आजारी पडतं. दुधाने बिघडलेलं पोट आणि पार्व्हो पहिल्या दिवशी सारखेच दिसू शकतात. घरचे आपल्या दूध-चपातीला दोष देत दोन दिवस थांबतात, आणि तेच दोन दिवस उपचारांचे असतात. किटवरची तपासणी सुरुवातीला कधी कधी ‘नाही’ म्हणते, म्हणून मी तेवढ्यावर निर्धास्त होत नाही.

अशा वेळी मी हातांवर विसंबतो. वरचा ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबायचा आणि सोडायचा. उमटलेला पांढरा डाग दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. हिरडी ओली, बुळबुळीत लागली तर ठीक. बोटाला चिकटली तर अंगातलं पाणी आटलंय. हिरडी मुळातच फिकी असेल तर आकडी जंतांचा संशय घ्यायचा. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडायची रीत सगळ्यांना माहीत असते, पण गुबगुबीत पिल्लात ती फसवते. मग थर्मामीटर. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे त्यांचं नेहमीचं तापमान. ताप चढला तर काळजी असतेच, पण गार पडलेलं पिल्लू हाताला लागलं की मी आधी सलाईन आणि ऊब यांच्यामागे लागतो, चौकशी नंतर.

बहुतेकांना हवं असतं ‘लगेच थांबवणारं इंजेक्शन’. खेळत्या-खात्या पिल्लाला बऱ्याचदा अँटिबायोटिकचीही गरज नसते, आणि काही न लिहून देता माणसाला घरी पाठवणं हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या तर देऊच नका. काही जातींच्या कुत्र्यांत त्या थेट मेंदूवर परिणाम करतात. लंघनही नको. लहान पिल्लाच्या रक्तातली साखर उपाशी ठेवल्यावर झपाट्याने उतरते. मऊ शिजवलेला भात, त्यात हाडं काढलेलं उकडलेलं चिकन, चमचा-चमचा करत दिवसातून पाच-सहा वेळा. मीठ-मसाला नको, आणि कांदा-लसूण तर नकोच. त्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात.

पिल्लू आणणार असाल तर त्याच्या जुन्या घरून आठवडाभराचं त्याचं नेहमीचं खाणं मागून घ्या, लसीचं आणि जंताच्या औषधाचं कार्डही घ्या. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी बंदी आहे. कुणी देऊ केलं तरी घेऊ नका. माझ्याकडे येताना ताजी शी डबीत घालून आणा, लाजू नका. आणि पिल्लू खात नसेल, उलट्या होत असतील किंवा शीत रक्त दिसलं, तर मोबाइलवर फोटो पाठवत बसू नका. तडक घेऊन या.