आवाज कोठला, दोष कोठला

नातू शिक्षणासाठी पुण्यास गेला आणि त्याची माउंटन बाईक रत्नागिरीत आजोबांच्या वाट्याला आली. पहाटे भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन परतणे हा त्यांचा नित्यक्रम झाला. पावसाळा सरला आणि सायकल कुरकुरू लागली. पाय दाबला की खालून, आसाजवळून, ‘कर्र’ असा आवाज येई. चढावर तो अधिकच वाढे. “तू आपटून आपटून आस खिळखिळा केलास,” असे आजोबांनी नातवाला फोनवर सुनावले. तो गप्प राहिला.

मिस्त्रीनेही आस बदलण्याचा सल्ला दिला. खर्चापूर्वी आजोबांनी स्वतः तपास करण्याचे ठरवले. सायकलीची फ्रेम पोकळ नळ्यांची असते. एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला उमटल्यासारखा भासतो. म्हणून हिशेब जुळत नसता करतात तसे एका वेळी एकच नोंद तपासणे इष्ट.

उतारावर पाय थांबवले, तर आवाज थांबला. चाकांवरचा संशय कमी झाला. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात हे ध्यानात ठेवून त्यांनी दोन्ही पायडले काढली, आट्यांना ग्रीस लावून पुन्हा घट्ट बसवली. फरक पडला नाही. मग सीटवरून उठून, उभ्यानेच चढ चढले. सारा भार पायडलांवर असूनही सायकल नि:शब्द! आसात दोष असता, तर आवाज वाढला असता.

सीटची दांडी उपसून पाहिली. ती कोरडी होती आणि तिच्यावर जांभ्याची तांबडी धूळ बसली होती. नळी व दांडी पुसून त्यांनी ग्रीसचा पातळ हात दिला. दांडी ॲल्युमिनियमची होती म्हणून हे चालले. कार्बनच्या दांडीला ग्रीस न लावता वेगळी पेस्ट लावतात. मूळ खुणेपर्यंत दांडी बसवून बोल्ट आवळला. कुरकुर संपली. संपली नसती, तर फ्रेमला तडा आहे का हे पाहिल्यावाचून उतारावर जाणे धोक्याचे ठरले असते.

तेव्हा त्यांना आठवले: महिन्यापूर्वी सीट खाली करताना दांडीवरचे ग्रीस घाण समजून त्यांनी स्वतःच पुसून टाकले होते.

त्या सायंकाळी त्यांनी पुण्याला फोन लावला. सायकलीची हकीकत नंतर सांगितली. आधी नातवाची क्षमा मागितली.