दोन गुलाबी चौकोन

समोरच्या इमारतीतल्या रिकाम्या फ्लॅटमध्ये कुणीतरी भिंतीवर दोन गुलाबी चौकोन रंगवून ठेवलेत. डाव्यात पिवळसर मातीची छटा, उजव्यात जरा जांभळी झाक. शेडकार्डावर हे दोघे सख्खे भाऊ वाटले असतील. खोली उत्तरेची, दिवसभर निळसर उजेड. त्यात उजवा आजारी दिसतो. रात्री २७०० केल्विनचा पिवळा दिवा लागला की तोच गोड होतो आणि डावा पार जर्दाळू होऊन बसतो. घरात आपण जास्त कधी असतो, दिवसा की रात्री, हे रंगाच्या दुकानात कुणी विचारत नाही.

माझं मत डाव्याला. त्यात पक्षपात आहे.

कोकणातल्या आमच्या घराला गणपतीआधी चुना लागायचा. चुनकळीवर पाणी ओतलं की पिंप खदखदायला लागे. आम्हा पोरांना जवळ फिरकायची बंदी. माजघरापुरती त्या चुन्यात काव पडायची. किती, ते आजीची मूठ ठरवी, त्यामुळे दरवर्षीचा गुलाबी निराळा. कुंचा फिरला की ओली भिंत भलतीच लाल दिसे. काका घाबरायचा. ‘आई, काव जास्त झाली गं!’ ‘वाळू दे रे मेल्या. उद्या बघ.’ दुसऱ्या दिवशी पावसाळी उजेडातही माजघर ताप उतरलेल्या माणसासारखं प्रसन्न. पाठ टेकली की सदऱ्याला रंग लागायचा, तो भाग वेगळा. काव म्हणजे गेरू, लोहाचा ऑक्साइड. चुन्याच्या तिखट क्षारात फुलापानांचे रंग टिकत नाहीत, ही टिकते. गोव्या-कोकणातल्या देवळांवर कावीकाम आहे: वरचा लाल थर खरवडून खालच्या पांढऱ्यात वेलबुट्टी काढलेली. १८७६ साली इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागताला महाराजा सवाई रामसिंहांनी जयपूर रंगवलं असं सांगतात. तो गुलाबीही गेरूचाच, गुलाबाचा नव्हे.

हल्लीच्या डब्यातला गुलाबी फार शहाणा असतो, दरवर्षी तोच येतो. मला त्याचं थोडं वाईट वाटतं.

तुम्ही गुलाबी घेणार असाल तर भिंतीवर नको, मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, पुरतं वाळू द्या आणि तो खोलीभर फिरवून बघा. मग आवडलेल्या छटेहून एक पायरी फिकी मागा. चार भिंती एकमेकींवर रंग टाकतात.