षष्ठीचा प्रत्यय आणि निळा शब्द

व्याकरण हा विषय शाळेंतून सुटका झाल्यावर पुन्हां आठवूं नये, अशीच बहुतेक सुशिक्षितांची इच्छा असते, आणि तींत फारसें वावगें नाहीं. श्वासोच्छ्वास करणाराला फुप्फुसांची रचना ठाऊक असावीच लागते असें थोडेंच आहे? परंतु श्वास अडखळूं लागला म्हणजे वैद्याचें दार ठोठवावें लागतें. आम्हांला अलीकडे षष्ठी विभक्तीची आठवण झाली ती अशीच.

आमच्या महाविद्यालयांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं मराठी विकिपीडियासाठीं वर्धा जिल्ह्यांतील गांवांवर लेख लिहावयास घेतले, आणि भाषा तपासण्याचें काम आमच्याकडे आलें. आम्ही शिकविणारे इंग्रजीचे. पण पन्नाशी ओलांडलेल्या प्राध्यापकाला सर्व कांहीं येतें असा विद्यार्थ्यांचा एक गोड समज असतो, आणि तो दूर करण्याची घाई आम्हीं कधीं केली नाहीं.

विकि-पद्धतीच्या लेखांत एखाद्या शब्दाभोंवतीं दोन-दोन चौकोनी कंस घातले म्हणजे तो शब्द निळा होतो, आणि त्याच्यावर बोट ठेवतांच त्या नांवाचा दुसरा लेख पुढें उभा राहतो. यालाच दुवा म्हणतात. नांव एकटें असेल तोंवर सर्व ठीक चालतें. पण मराठी वाक्यांत नांव एकटें कितीसें राहतें? 'पुलगाव' कंसांत घातलें आणि कंसाबाहेर 'चा' लिहिला कीं प्रश्न आलाच: हा 'चा' निळ्यांत धरावयाचा कीं काळ्यांत? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण या पद्धतीचा जन्म झाल्यापासून तो तिच्या पाठीस लागलेला आहे.

पहिलें विकि 1995 सालीं अमेरिकेंत वॉर्ड कनिंगहॅम या गृहस्थांनीं सुरू केलें. 'विकि' हा हवाई बेटांतील भाषेचा शब्द असून त्याचा अर्थ 'त्वरित' असा आहे. त्या विकींत कंस नव्हते. दोन-तीन शब्द जोडून लिहावयाचे, प्रत्येकाचें आद्याक्षर मोठें ठेवावयाचें, कीं दुवा तयार. युक्ति छान होती. पण अशा जोडशब्दाला अनेकवचनाचा 'एस्' लावला कीं यंत्राला तो निराळाच शब्द वाटे, आणि ज्या लेखाकडे जावयाचें तो सांपडत नसे. यावर तेथील मंडळींनीं तोड काढली ती मोठी मौजेची. शब्द आणि प्रत्यय यांच्यामध्यें सहा अपॉस्ट्रॉफी सलग लिहावयाच्या! त्यांतून उमटत कांहींच नसे. पण दोहोंमध्यें एक अदृश्य भिंत उभी राही, आणि प्रत्यय बाहेर उभा राहून शब्द तेवढा दुव्यांत जाई. आपल्या देवनागरींत लहान-मोठीं अक्षरें नाहींत. तीच रीत पुढें चालली असती तर मराठींत एकही दुवा झाला नसता, मग त्यांत 'चा' बसतो कीं नाहीं ही चिंता करण्याचें कारणच उरलें नसतें.

2001 सालीं विकिपीडिया निघाला, त्याच वर्षीं कंसांची रीत रूढ झाली, आणि पुढें तिला एक शेपूट फुटलें. शेपूट हा शब्द आम्ही थट्टेनें वापरीत नाहीं. कंस मिटल्यावर लगेच लागून येणाऱ्या ज्या अक्षरांना आज्ञावली दुव्यांत सामावून घेते, त्यांना इंग्रजींतही अशाच अर्थाचें नांव आहे. कोणतीं अक्षरें शेपटांत धरावीं हें प्रत्येक भाषेपुरतें ठरविलेलें असतें. इंग्रजीसाठीं 'ए'पासून 'झेड्'पर्यंतचीं अक्षरें धरलीं आहेत. त्यामुळें अनेकवचनाचा 'एस्' निळा होतो. पण 'लंडन'ला कंस घालून पुढें अपॉस्ट्रॉफी व 'एस्' लिहिला, तर लंडन निळें आणि त्याची षष्ठी काळी! कारण असें कीं, या पद्धतींत दोन अपॉस्ट्रॉफी म्हणजे तिरपें अक्षर आणि तीन म्हणजे ठळक अक्षर. तें चिन्ह आधींच दुसऱ्या चाकरींत गुंतलेलें. कॅटलान भाषेच्या लोकांनीं मात्र एकटी अपॉस्ट्रॉफी शेपटांत घेतली आणि जोडीनें आली तर वगळली. म्हणजे अडचण यंत्राच्या स्वभावांतच होती असें नव्हे; ती सोडविण्याची गरज कोणाला किती वाटली, एवढाच प्रश्न होता.

मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजीं सुरू झाला. मराठीच्या शेपटांत देवनागरी अक्षरें आणि मात्रा धरलेल्या आहेत, आणि आपल्या षष्ठीला अपॉस्ट्रॉफी लागत नाहीं. तेव्हां पुलगावचा 'चा' निमूटपणें निळा होतो. येथें इंग्रजीपेक्षां आपणच सुखी, असें आम्हीं विद्यार्थ्यांस सांगितलें, आणि जिल्ह्याच्या आठ तालुक्यांचीं नांवें घेऊन पाहिलीं. देवळीचा, सेलूचा, आर्वीचा, आष्टीचा, हिंगणघाटचा, समुद्रपूरचा: सहा तालुके सुरळीत पार पडले. अडलीं तीं दोनच, वर्धा आणि कारंजा. कारण 'वर्धाचा' असें कोणी मराठी माणूस म्हणत नाहीं. तो 'वर्ध्याचा' म्हणतो. प्रत्यय लागण्यापूर्वीं शब्द स्वतः वांकतो. त्यालाच सामान्यरूप म्हणतात, आणि तें कोणत्याही शेपटांत मावत नाहीं; कारण बदल शेपटांत होत नसून अंगांत होतो.

याहून गंमत पुढें आहे. 'वर्धा' हें गांवाचेंही नांव आणि नदीचेंही. विकिपीडियावर दोहोंची गफलत होऊं नये म्हणून निराळीं शीर्षकें करावीं लागतात. पण बोलणाराला त्याची जरूर पडत नाहीं. 'वर्ध्याचा' म्हटलें कीं गांव. 'वर्धेचा' म्हटलें कीं नदी. जें काम करावयास ज्ञानकोशाला स्वतंत्र खटाटोप करावा लागतो, तें आमची शेतकरीण एका मात्रेनें उरकते. उलट शेपटाला अक्षरें कळतात, अर्थ कळत नाहीं. 'राम'ला कंस घालून पुढें 'टेक' लिहिलें तर रामटेक सगळें निळें होईल. पण बोट ठेवणारा टेंकडीऐवजीं अयोध्येच्या राजापाशीं जाऊन पोंचेल.

षष्ठीची खोडी एवढ्यानेंही संपत नाहीं. इंग्रजी षष्ठी धन्याकडे पाहते. मराठी षष्ठी मालाकडे पाहते. पुलगावचा पूल, पुलगावची गिरणी, पुलगावचें स्टेशन: गांव एकच, पण प्रत्यय पुढच्या नामाप्रमाणें वेष बदलतो. ही वागणूक विशेषणाची झाली. संस्कृत व्याकरणांत षष्ठीला सहा कारकांच्या पंगतींत पान मांडलेलें नाहीं, तें यासाठींच कीं तिचा मुख्य संबंध क्रियापदाशीं नसून दुसऱ्या नामाशीं असतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचें व्याकरण 1836 सालीं निघालें आणि मोरो केशव दामल्यांचें 1911 सालीं. एवढ्या थोरांना जिनें विचार करावयास लाविलें, तिच्यापुढें एखादी आज्ञावली गोंधळली तर नवल काय? नांवाची जागा रिकामी ठेवून पुढें 'चा/ची/चे' असा तिरप्या रेघांचा गुच्छ छापलेला नमुना प्रत्येकानें भरला असेल. फिनिश भाषेचीं नांवेंही अशींच वांकतात. त्या लोकांनीं विकीच्या आज्ञावलींत विभक्तीची रूपें पुरविणारी सोय करून घेतली आहे.

एवढ्यावर हा विषय मनोरंजनाचा म्हणून सोडून देतां आला असता. पण आमची कन्या नोकरीनिमित्त दूर असते. गेल्या पावसाळ्यांत तिनें फोनवरून दोन ओळी लिहून पाठविल्या: 'आज पुलगाव ची फार आठवण आली.' आठवण वाचून बरें वाटलें. पण 'पुलगाव' आणि 'ची' यांच्यामधली ती मोकळी जागा डोळ्यांपुढून हलेना. विचारलें तेव्हां ती म्हणाली, "बाबा, फोनला पुलगाव हा शब्द येतो, पुलगावची येत नाही. शब्द निवडला की तो आपणच जागा सोडतो." तिचें उत्तर अगदीं बिनचूक होतें, आणि म्हणूनच आम्हांला अधिक लागलें. यंत्राला पुलगाव ठाऊक आहे. पुलगावची कोणी असूं शकते, हें ठाऊक नाहीं.

पुढें वर्गांत एका हुषार विद्यार्थ्यानें सरळच विचारलें, "सर, संगणकाला सोपें जात असेल तर आपण 'पुणे चा', 'वर्धा चा' असें कां लिहूं नये? हिंदींत नाहीं का लिहीत?" प्रश्न प्रामाणिक होता. येथील दारूगोळ्याच्या भांडारामुळें नाना प्रांतांचे लोक गांवांत येतात. बाजारांत हिंदी सर्रास चालते, आणि तिच्याशीं आमचें भांडण नाहीं. हिंदी नामापासून 'का' वेगळा लिहिते, हा तिचा स्वतःचा नियम आहे, कोणा यंत्राच्या सोयीसाठीं पत्करलेला नव्हे. आणि सर्वनामाला तीही प्रत्यय जोडूनच लिहिते. मराठींत मात्र प्रत्यय तोडला कीं सामान्यरूपाला जगण्याचें प्रयोजन राहत नाहीं. आज 'वर्ध्या चा' असें तुटेल, उद्यां 'वर्धा चा' होईल, आणि गांव कोणतें नि नदी कोणती हें सांगणारी ती एक मात्रा परवां कोणाच्या तोंडीं उरणार नाहीं.

आम्हीं त्या विद्यार्थ्यास आपल्याच गांवाचें नांव पाहावयास सांगितलें. वर्धा नदीवरच्या रेल्वेच्या पुलावरून हें नांव पडलें असें सांगतात. पुलाचें गांव तें पुलगाव. षष्ठी तत्पुरुष समास. येथें 'चें' गेला, पण जातांना पूल आणि गांव यांना एकजीव करून गेला, आणि 'पूल'मधला दीर्घ ऊकार ऱ्हस्व करून आपली खूण ठेवून गेला. मराठींत षष्ठीला राहण्याच्या दोन रीति आहेत: शब्दाला बिलगून राहावें, किंवा शब्दांत विरघळून जावें. दोहोंमध्यें फट ठेवून बसणें ही तिची रीत नव्हे.

राहतां राहिली यंत्राची अडचण. तिच्यावर उपाय त्याच कंसांत आहे. आधीं 'वर्धा', मग एक उभी रेघ, मग 'वर्ध्याचा', असें लिहिलें कीं वाचणाराला 'वर्ध्याचा' निळा दिसतो आणि दुवा मात्र 'वर्धा' या लेखाकडेच जातो. मराठीलाही मोडावें लागत नाहीं, आणि यंत्रालाही कोडें पडत नाहीं. सहा अपॉस्ट्रॉफींची कसरत करणाऱ्या त्या पहिल्या मंडळींनीं आपली भाषा बदलली नाहीं. कालांतरानें यंत्राची रीत बदलली. फोनवाल्यांनाही एक ना एक दिवस 'पुलगावची' शिकावें लागेल. पण आपणच ती लिहावयाची सोडली तर ते कोणाच्या लिहिण्यावरून शिकणार?

विद्यार्थ्यांचे आठही तालुक्यांचे लेख आतां पुरे होत आले आहेत. सहांना कांहीं करावें लागलें नाहीं. दोनांसाठीं प्रत्येक वेळीं ती उभी रेघ ओढावी लागते. ती ओढण्याचा कंटाळा करूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.